इंजिनाच्या मागे

2013 साली अमेरिकेतल्या रॅमच्या मोठ्या पिकअपमध्ये डिझेल इंजिन एकच मिळायचं, पण त्याच्या टॉर्कचे, म्हणजे पिळाच्या जोराचे, आकडे तीन होते. कमिन्सचं 6.7 लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन. त्याच्यामागे मॅन्युअल गिअरबॉक्स घेतला तर 660 पाउंड-फूट, नेहमीचा ऑटोमॅटिक घेतला तर 800, आणि आयसिन या जपानी कंपनीचा वजनदार ऑटोमॅटिक घेतला तर 850. न्यूटन-मीटरमध्ये साधारण 895, 1085 आणि 1150. आपल्याकडेही हेच चालतं. टोयोटा हायलक्सचं 2.8 लिटरचं डिझेल मॅन्युअलमध्ये 420 न्यूटन-मीटर देतं, ऑटोमॅटिकमध्ये 500. स्कॉर्पिओ-एनच्या वरच्या डिझेल मॉडेलात 370 आणि 400. शोरूममध्ये हे आकडे आपण इंजिनाचे म्हणून ऐकतो. माझ्या हिशेबी ते गिअरबॉक्सचे आकडे आहेत. इंजिन बहुतेक वेळा याहून जास्त देऊ शकतं. मागचं किती सोसेल ते बघून कंपनीने त्याला तिथे थांबवलेलं असतं.

माझी नोकरी या मागच्या मंडळींशी बांधलेली. गिअर, शाफ्ट, बेअरिंग, क्लच टेस्ट रिगवर चढवायचे, तुटेपर्यंत फिरवायचे, मग तुटलेला तुकडा टेबलावर घेऊन तो का तुटला ते शोधायचं. आधी पुण्यात हे केलं, नंतर अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या कोलंबसला. कमिन्सचं मूळ गाव हेच. 1962 साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स सुरू झाल्यापासून आपल्याकडच्या इंजिनिअरांची इथे ये-जा आहे, त्यामुळे दुकानात मराठी कानावर पडली तरी कुणी दचकत नाही. गावाबाहेर पडलं की मका आणि सोयाबीन, आणि दारोदार पिकअप. पिकअपवाले जमले की गप्पा इंजिनावर येतात. कुणाचं चारशे हॉर्सपॉवर, कुणाचं सहाशे. क्लचचं, प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसचं, मागच्या डिफ्रेन्शलमधल्या पिनियन गिअरचं नाव निघतं ते तुटल्यावर. मला याचं वाईट वाटतं, आणि हा लेख त्यासाठीच लिहिते आहे.

या सगळ्याचं मूळ 1989 मध्ये आहे. त्या वर्षी डॉजने रॅम पिकअपमध्ये कमिन्सचं 5.9 लिटरचं बी सिरीज इंजिन बसवलं. ते मुळात पिकअपसाठी काढलेलं नव्हतं. ट्रॅक्टर बनवणाऱ्या केस कंपनीबरोबर मिळून कमिन्सने ते शेतीची यंत्रं, बांधकामाची यंत्रं आणि मध्यम ट्रक यांच्यासाठी तयार केलं होतं. 102 मिलिमीटरचा बोअर, 120 चा स्ट्रोक, बिडाचा ब्लॉक. कॅमशाफ्ट फिरवायला ना पट्टा ना चेन, सरळ गिअर. वजन अर्धा टन. हेच 5.9 लिटरचं इंजिन पुढे टाटा कमिन्सने जमशेदपूरला बनवलं आणि टाटाच्या 1613 टीसीसारख्या ट्रकांत घातलं. 1613 म्हणजे 16 टनांची गाडी, 130 हॉर्सपॉवर. मुंबई-आग्रा रस्त्यावर सिमेंट आणि साखर ओढत वर्षानुवर्षं चालण्यासाठी घडवलेलं हे हृदय अमेरिकेत तीन टनांच्या पिकअपमध्ये गेलं. तिथे त्याला 160 हॉर्सपॉवर आणि 400 पाउंड-फूट, म्हणजे साधारण 540 न्यूटन-मीटरवर ठेवलं होतं. इंजिनाला घामही फुटत नव्हता.

घाम फुटत होता तो मागे. ऑटोमॅटिक गाडीत जो गिअरबॉक्स लावला तो क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइट घराण्यातला 727, 1962 पासून पेट्रोल गाड्यांमागे चालत आलेला. तो वाईट नव्हता; पेट्रोलच्या व्ही-8 इंजिनांमागे तो लाखांनी चालला. पण पेट्रोल इंजिनाचा टॉर्क वर येतो, आरपीएम चढल्यावर. या डिझेलचा 1600-1700 आरपीएमलाच पूर्ण हजर. ऑटोमॅटिकमधला तेलपंप इंजिनाबरोबर फिरतो, म्हणजे आरपीएम कमी असताना त्याच्याकडे तेलही कमी. आतल्या क्लचप्लेटा दाबून धरण्याचं काम त्या तेलाचं. मालकाने ट्रेलर जोडून चढाला हळूहळू पाय दाबला की नेमकं तेव्हाच इंजिन सगळ्यात जोरात पिळतं आणि पंप सगळ्यात सावकाश फिरत असतो. कंपनीला हे पक्कं माहीत होतं. 1996 ते 1998 च्या गाड्यांत मॅन्युअलला 215 हॉर्सपॉवर आणि 440 पाउंड-फूट दिले, ऑटोमॅटिकला 180 आणि 420.

आणि हा फरक मिटवणं मालकाच्या हातात होतं. 1994 ते 1998 पर्यंतच्या इंजिनांवर बॉशचा पी7100 पंप असे, सहा नळ्या ओळीने निघणारा, आपल्याकडे ट्रकवाल्यांना डोळे मिटून ओळखता येईल तसा. त्याच्या गव्हर्नरपाशी, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणाऱ्या भागापाशी, पोलादाची एक छोटी प्लेट असते. तिच्या कडेचा उतार ठरवतो की डिझेल जास्तीत जास्त किती सोडायचं. वरचं झाकण काढा, दोन स्क्रू सैल करा, प्लेट पुढे सरकवा, स्क्रू आवळा. खर्च शून्य. गाडी दुसरीच होते. या प्लेटने अमेरिकेतल्या कितीतरी तरुणांना इंजिनाच्या नादाला लावलं. तो आनंद मला समजतो, पायाखाली अचानक ओढ वाढल्याचा. पण त्या दोन स्क्रूंनी गिअरबॉक्सचा एकही दात जाड होत नाही.

आमच्या रस्त्यावर मका करणारे एक म्हातारे गृहस्थ राहतात. त्यांची 1997 ची रॅम अजून धान्याचा ट्रेलर ओढते. प्लेट कारखान्यातून आली तशीच आहे. नातू मागे लागतो, आजोबा ऐकत नाहीत. “मला मका ओढायचाय,” एवढंच म्हणतात.

आता मुख्य प्रश्न. इंजिनात ताकद वाढवली की मागचं नक्की का तुटतं? बहुतेकांची समजूत अशी की ताकद जास्त झाली म्हणून. हे अर्धंच खरं आहे. याचं उत्तर मला कुठल्या रिगवर नव्हे, तर इथल्या एका जत्रेत डोळ्यांनी दिसलं. उन्हाळ्यात प्रत्येक काउंटीची जत्रा भरते आणि तिच्यात गाडा ओढण्याची स्पर्धा असते. गाडा म्हणजे लांबलचक लोखंडी सांगाडा. मागे चाकं, पुढे जमिनीवर घासत जाणारा जाड पत्रा. पिकअप ओढायला लागली की गाड्यावरची वजनाची पेटी मागून पुढे सरकायला लागते. जितकं पुढे जावं तितकं ओझं पत्र्यावर येतं, पत्रा मातीत रुततो आणि ओढ वाढत जाते. 300 फूट गाठले की पूर्ण.

एक पिकअप आली. कुठल्या कंपनीची ते महत्त्वाचं नाही; तिच्यात मूळची कंपनीची म्हणावी अशी फारशी वस्तू उरली नव्हती. सुटली तेव्हा चारही चाकं माती उडवत होती, काळ्या धुराचा लोट वर चढत होता, लोक ओरडत होते. मी निर्धास्त बघत होते. चाकं घसरतायत तोवर काही होत नाही. शंभर फुटांच्या पुढे मातीचा पट्टा बदलला, ओलसर घट्ट माती आली, आणि चाकांनी जमीन पकडली. धुराचा रंग बदलायच्या आत खालून धाडकन आवाज आला, इंजिनाचे आरपीएम एकदम आभाळाला भिडले आणि गाडी जागच्या जागी थांबली. पुढचा प्रोपेलर शाफ्ट मातीत पडला होता. क्रॉसची एक भुजा मुळापासून गेलेली.

त्याचं गणित असं. 440 पाउंड-फूट म्हणजे सुमारे 597 न्यूटन-मीटर. त्या काळच्या रॅमच्या पाच गिअरच्या एनव्ही4500 या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये पहिला गिअर 5.61 चा. मागे डिफ्रेन्शलमधली गिअरची जोडी, म्हणजे क्राऊन-पिनियन, 3.54 ची. गुणाकार केला की मागच्या अ‍ॅक्सलवर जवळजवळ 11,850 न्यूटन-मीटर. पण एवढा पीळ अ‍ॅक्सलला मिळतो का? रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजन समजा 1200 किलो. डांबरी रस्त्यावर टायर वजनाच्या साधारण 0.8 पट पकड धरतं, चाकाची त्रिज्या 39 सेंटिमीटर. म्हणजे पावणेचार हजार न्यूटन-मीटरच्या आसपास टायर घसरायला लागतं. त्याच्या पुढचा टॉर्क इंजिनाकडे असला तरी अ‍ॅक्सलला तो दिसतच नाही. आता गाडी भरा. मागे 3000 किलो येऊ द्या. तोच हिशेब नऊ हजारांच्या वर जातो. इंजिन तेच, प्लेट तीच, पाय तेवढाच. शाफ्टला मिळणारा पीळ अडीचपट.

म्हणून खालच्या गिअरमध्ये काय तुटेल ते टायरची पकड आणि ओझं ठरवतं. वरच्या गिअरमध्ये टायर घसरत नाही, तिथे इंजिनच मालक. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ट्रेलर घेऊन लांबच लांब चढ चढताना वाढवलेला प्रत्येक न्यूटन-मीटर थेट गिअरच्या दातांवर आणि बेअरिंगवर बसतो, आणि मिनिटांमागून मिनिटं बसून राहतो. पहिलं मरण झटक्याचं, दुसरं झिजून आलेलं. तुटलेला शाफ्ट हातात घेतला की यातलं कुठलं ते दिसतं.

माझ्या टेबलावर एकदा गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा पीळ गिअरबॉक्सात नेणारा दांडा, आला होता, ज्या गाडीची ताकद मूळच्या दुपटीला नेली होती तिच्यातला. अंगठ्याइतका जाड, स्प्लाइनच्या, म्हणजे त्याच्यावर कोरलेल्या उभ्या खाचांच्या, शेवटाशी मोडलेला. बृहद्दर्शक भिंगाखाली धरला तर मोडलेल्या तोंडाचा निम्म्याहून जास्त भाग गुळगुळीत होता, आणि त्यावर एकात एक बारीक कमानी उमटलेल्या. स्प्लाइनच्या खाचेत एका ठिकाणी सुरुवात, तिथून पसरत गेलेल्या. उरलेला भाग खरबरीत, दाणेदार. कमानीचा प्रत्येक गट म्हणजे तडा एक पाऊल पुढे सरकून थांबला तो टप्पा. खरबरीत भाग म्हणजे शेवटचा क्षण. मालक सांगत होता की शाफ्ट सिग्नलवरून निघताना सहज तुटला, जोरात हाणलीसुद्धा नव्हती. त्याचं म्हणणं खरं होतं. शाफ्ट त्या सिग्नलच्या कितीतरी आधीपासून मोडत होता. एका झटक्यात मोडलेला कडक पोलादाचा शाफ्ट वेगळा दिसतो. फळ्यावरचा खडू दोन्ही हातांनी पिळून मोडा, तो सरळ मोडत नाही, 45 अंशात तिरपा, पीळदार मोडतो, तसाच.

झिजून मरण्याचं गणित फार कठोर आहे. रोलर बेअरिंगवरचा भार वाढला की त्याचं आयुष्य 10/3 घाताने घटतं. लुंडबर्ग आणि पाल्मग्रेन यांनी 1947 मध्ये या हिशेबाचा पाया घातला आणि आजही जगभर बेअरिंग त्याच रीतीने निवडतात. भार 30 टक्के वाढवला तर आयुष्य 42 टक्क्यांवर येतं. दुप्पट केला तर दहाव्या हिश्शावर. गिअरच्या दाताच्या मुळाशी पडणाऱ्या तड्याचा हिशेब याहून तिखट. यातली दिलाशाची गोष्ट एकच, की हे नुकसान तो भार अंगावर असेल तेवढ्याच वेळाचं असतं. वाढवलेली ताकद ओव्हरटेक करताना पाच-दहा सेकंद वापरणाऱ्याची गाडी वर्षानुवर्षं चालते आणि तो सगळ्यांना सांगत सुटतो की काही होत नाही. त्याचं ऐकून घोड्यांचा ट्रेलर ओढणारा माणूस तीच ताकद वाढवतो आणि दोन हंगामांत गिअरबॉक्स उतरवतो. दोघांचा अनुभव खराच असतो, म्हणून वाद मिटत नाहीत.

डिझेलचा आणखी एक त्रास आकड्यांत दिसत नाही. सहा सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला तीन स्फोट. 1200 आरपीएमला सेकंदाला साठ ठोके. माहितीपत्रकातला टॉर्क म्हणजे या ठोक्यांची सरासरी; प्रत्येक ठोक्याचं शिखर त्याच्या खूप वर असतं. आरपीएम कमी आणि डिझेल जास्त, की ठोके जाड होतात. एनव्ही4500 च्या पाचव्या गिअरचं दुखणं यातूनच येई. हा गिअर शाफ्टच्या शेपटाला एका मोठ्या नटने धरलेला. त्या ठोक्यांनी नट हळूहळू सैल होई, गिअर स्प्लाइनवरून मागे सरके, आणि एक दिवस पाचवा गिअर नाहीसा. दात शाबूत, पण गिअर आपल्या जागेवर नाही. जे लोक पाचव्यात गाडी रेंगाळवत चढ चढत त्यांना हे लवकर भोगावं लागे. पुढे अनेक डिझेल पिकअपमध्ये दोन तुकड्यांचं, मध्ये स्प्रिंग असलेलं फ्लायव्हील आलं ते हे ठोके गिळायला. ताकद वाढवणारे ते काढून एकसंध फ्लायव्हील लावतात, कारण स्प्रिंगवालं वाढलेला टॉर्क सोसत नाही. मग न्यूट्रलला गिअरबॉक्स खडखडायला लागतो. तो खडखडाट म्हणजे आत्तापर्यंत कुणीतरी दुसरा झेलत होता ते ठोके आता गिअर झेलतायत.

क्लचचीही तीच कथा. पंपातली प्लेट सरकवल्यावर पहिल्यांदा घसरतो तो क्लच, आणि मालक वैतागतो. पण घसरणारा क्लच मागच्या सगळ्यांना वाचवत असतो. जास्तीचा टॉर्क तो उष्णतेत जाळून टाकतो, स्वतः मरतो, पुढे जाऊ देत नाही. मालक दोन प्लेटांचा, सिरॅमिकच्या अस्तराचा क्लच बसवतो. आता सगळा पीळ इनपुट शाफ्टवर. शाफ्ट मोडला की 300एम पोलादाचा लावतो, ज्या पोलादाची विमानाची लँडिंग गिअर बनवतात. मग पाळी क्रॉसची, मग पिनियनची, मग अ‍ॅक्सलची. ऑटोमॅटिकमध्येही तेच, फक्त सुरुवात इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचपासून. दुखणं बरं होत नाही, एक सांधा मागे सरकतं. यात नवल म्हणजे उपाय फार मोठा लागत नाही: गोल शाफ्टचं पिळाला तोंड देण्याचं बळ व्यासाच्या घनाने वाढतं, व्यास दहा टक्के वाढवला की बळ 33 टक्क्यांनी वाढतं. पण तो दहा टक्के जाड शाफ्ट बसायला बेअरिंग मोठं लागतं, बेअरिंगला हाउसिंग मोठं, हाउसिंगला जागा. म्हणून हे काम कारखान्याला जमतं आणि गॅरेजमध्ये अडतं. 1989 च्या 400 पाउंड-फुटांवरून 2019 मध्ये रॅम 1000 पाउंड-फुटांवर गेली, तीस वर्षांत अडीचपट. या तीस वर्षांत अ‍ॅक्सल बदलले, ऑटोमॅटिक बदलले, आणि 2019 च्या मोठ्या रॅममधून मॅन्युअल गिअरबॉक्स गेलाच. त्या हजाराचं कौतुक इंजिनाच्या वाट्याला आलं. ज्यांनी क्राऊन-पिनियनच्या दाताचा आकार पुन्हा पुन्हा काढला, उष्णतोपचाराच्या भट्टीपाशी रात्री काढल्या, त्यांची नावं कुणी घेत नाही.

काळ्या धुराबद्दल एवढंच, की त्यात ताकद नसते, अर्धवट जळलेलं डिझेल असतं, आणि ते रस्त्याकडेच्या माणसाच्या छातीत जातं.

माझा भाचा नाशिकजवळ राहतो. त्याच्याकडे पिकअप आहे. टोमॅटो, कांदा, द्राक्षं, हंगामात जे असेल ते वाशी मार्केटला नेतो आणि येताना भिवंडीहून परतीचा माल भरतो. मध्यंतरी त्याचा फोन आला. “मावशी, रिमॅप करून घेऊ का? लॅपटॉप लावून अर्ध्या तासात करून देतो म्हणाला. पाव पट ताकद वाढते.”

“पासिंग किती आणि भरतोस किती?”

पलीकडे जरा वेळ शांतता. “मावशी, तू पण ना... सगळेच भरतात.”

रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली कंपनीची मांडणी बदलणं, कायद्यात बसत नाही हे आधी सांगितलं. मग त्याच्याच फेरीचा हिशेब मांडला. वाशीला जाताना गाडी भरलेली असते, पण कसारा घाट उतरते. तिथे इंजिनाची ताकद नको, ब्रेक हवेत. चढ लागतो तो परतताना, भिवंडीचा माल घेऊन, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, पासिंगच्या वर ओझं, टायरला भरपूर पकड. म्हणजे रिमॅपचा टॉर्क जिथे मिळणार तिथेच क्रॉस आणि पिनियन आधीच कमाल भोगतायत. त्याने विचारलं, “मग ताकद वाढवायची कशी?” तेव्हा सांगितलं की लॅपटॉपवाले खालच्या आरपीएमचा टॉर्क वाढवतात, कारण पाय टेकवल्याबरोबर फरक जाणवतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. मागच्या अंगाला सगळ्यात वाईट तेच. 200 न्यूटन-मीटर 2000 आरपीएमला म्हणजे 42 किलोवॉट. तेच 200 न्यूटन-मीटर 3000 आरपीएमपर्यंत टिकले तर 63 किलोवॉट. ताकद दीडपट, शाफ्टला पीळ तेवढाच. आणि हे तुला आजही फुकट मिळतं: घाट लागायच्या आधी एक गिअर खाली घे, रेंगाळवू नकोस, इंजिनाला फिरू दे.

“आधी गाडीखाली जा,” म्हटलं. “प्रोपेलर शाफ्ट हाताने दोन्ही बाजूंना पिळून बघ, क्रॉसमध्ये खेळ आहे का. मग डिफ्रेन्शलचं ऑइल काढ आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावर काय चिकटलंय त्याचा फोटो पाठव.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोटो आला. चुंबकावर करड्या रंगाचा मऊ चिखल होता, तो चालतो, दात एकमेकांवर घासले की येतोच. पण त्याच्यात चमकणारे दोन-तीन चपटे तुकडे होते. असे तुकडे बहुतेक वेळा बेअरिंगच्या पट्टीवरून निघतात. मी लगेच फोन लावला आणि त्याला सांगितलं, या आठवड्यात माल भरू नकोस, पिनियनचं बेअरिंग उघडून घे, नवं बसवताना प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवरचा सुरुवातीचा दाब, मोजून लावायला सांग मिस्त्रीला, हाताच्या अंदाजाने नको. आणि ऑइल कुठल्या ग्रेडचं भरतोस ते डब्यावर वाचून मला कळव.